धुरासाठी घडलेलं भांडं

लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट असो, ब्रिटिश म्युझियम असो की टोरांटोचं रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियम, इराणी भांड्यांच्या दालनात सतराव्या शतकाच्या कपाटापाशी गेलं की एक भांडं हटकून दिसतं. पोट गोल किंवा पेरूच्या घाटाचं, मान उंच आणि अरुंद, मानेवर एक फुगीर कडं. अंगावर निळ्या रंगात कमळं, ढग, हरणं, एखादा डोंगर. खांद्यावर मात्र बोटभर लांबीची एक तोटी. बघणारा ती सुरई समजतो किंवा फुलदाणी. पण सुरईला धरायला कान नाही, तोटी ओतायला फारच आखूड आहे, आणि फुलदाणीला तर तोटी असायचं कारणच नाही.

हे हुक्क्याचं पाण्याचं भांडं. इराणात हुक्क्याला गल्यान म्हणतात. वरची चिलीम, मधला लाकडी नेचा आणि ओढायची वेताची नळी हे सगळं काळाच्या ओघात मोडलं, जळलं, हरवलं. मागे राहिली ती खालची कुंडी. भाजलेली माती फुटली नाही तर टिकते.

सफावी राजघराण्याच्या काळातल्या इराणी कुंभारांबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: त्यांनी चीनच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची नक्कल केली. वाडगे, ताटं, बरण्या यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. चिनी ताट समोर ठेवायचं आणि त्याच घाटाचं, त्याच नक्षीचं ताट आपल्या मातीत उतरवायचं, असं काम तिथे झालं. गल्यानाची गोष्ट वेगळी आहे. तंबाखू हे नवं व्यसन, पाण्यातून धूर ओढणं ही नवी रीत, आणि त्यासाठी लागणारं भांडं चीनमध्ये तेव्हा कोणी घडवतच नव्हतं. समोर ठेवायला नेमका नमुना नव्हता. म्हणून इराणी कुंभाराचा खरा कस बघायचा असेल तर तो या कुंडीवर बघावा, असं मला वाटतं.

तंबाखू इराणात पोचते

तंबाखू मूळची अमेरिकेची. कोलंबसाच्या १४९२च्या सफरीनंतर ती युरोपात आली आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर पूर्वेकडे निघाली. इराणच्या आखाताच्या तोंडाशी होर्मुझ बेट आहे. १५१५पासून ते पक्कं पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि तिथला कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. गोवा, चौल, दाभोळ आणि होर्मुझ यांच्यामध्ये घोडे, कापड, मसाले यांची ये-जा अखंड सुरू होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखू याच वाटांनी पश्चिम आशियात पसरली, असं इतिहासकार मानतात.

दख्खनला ती उत्तर हिंदुस्थानच्या आधी माहीत झाली. अकबराचा दरबारी असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने आदिलशाही राजधानीत मिळालेली तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. आपण हिंदुस्थानात याआधी हा पदार्थ पाहिला नव्हता, असं तो आपल्या वृत्तांतात नमूद करतो. अकबराने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. हकिमांनी हरकत घेतली, पुष्कळ वादविवाद झाला, आणि तरीही दरबारातल्या सरदारांमध्ये तंबाखू पसरलीच.

पाण्यातून धूर ओढायची युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. भारतीय परंपरा अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याचं नाव घेते. तो १५८९ साली वारला, आणि तोही मूळचा इराणच्या गिलान प्रांतातलाच. इराणी बाजूने १५३५ साली निवर्तलेल्या अहली शिराझी या कवीच्या एका रुबाईतल्या उल्लेखाकडे बोट दाखवलं जातं. मान कोणाकडेही जावो, सतराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इराणात गल्यान रुळलं होतं हे नक्की. योहान नेआंडर या जर्मन वैद्याने तंबाखूवर लिहिलेला ग्रंथ १६२२ साली लायडनमध्ये छापला गेला. त्यात इराणी गल्यानाची चित्रं आहेत.

शाह अब्बासचा विरोध

या व्यसनाला सर्वांत मोठा विरोध खुद्द शाह अब्बास पहिल्याचा होता. १५८८ ते १६२९ अशी एक्केचाळीस वर्षं त्याने राज्य केलं. इस्फहानला राजधानी नेऊन तिचं रूप त्यानेच पालटलं. तंबाखूवर त्याने बंदी घातली. त्याची एक कथा इराणात प्रसिद्ध आहे. एका मेजवानीत त्याने सरदारांच्या चिलमीत तंबाखूऐवजी वाळलेली घोड्याची लीद भरवली आणि ही हमदानच्या वजिराने पाठवलेली उंची तंबाखू आहे, असं सांगितलं. सरदारांनी झुरके घेत तिची तोंड भरून स्तुती केली. मग शाहने खरं काय ते सांगितलं आणि ज्या वस्तूत आणि लिदीत फरक कळत नाही त्या वस्तूचा धिक्कार केला.

पण बंदीला अपवादही करावे लागत. जहांगीरने पाठवलेला वकील खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभर चैन पडत नसे. जहांगीरच्या आत्मचरित्रातच नोंद आहे की ही गोष्ट अब्बासच्या कानावर घातली गेली, तेव्हा त्याने या पाहुण्याला सूट दिली. गंमत म्हणजे जहांगीरनेही १६१७ साली आपल्या राज्यात तंबाखूला मनाई केली होती. दोन बलाढ्य बादशहांनी मनाई केली आणि दोघांच्याही राज्यात ती मोडीत निघाली.

१६२९ साली अब्बासचा नातू शाह सफी गादीवर आला आणि बंदी उठली. त्यानंतर गल्यान घरोघरी पोचलं. इराणमधल्या मादक पदार्थांच्या इतिहासावर रूडी मथी यांनी मोठं संशोधन केलं आहे. त्यांनी दाखवून दिलं आहे की गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष असा भेद या व्यसनाने ठेवला नाही. इस्फहानच्या कॉफीखान्यांत ते होतं, जनानखान्यात होतं, बाजारातल्या दुकानाच्या पायरीवर होतं. श्रीमंत माणूस घोड्यावरून प्रवासाला निघाला की गल्यान घेऊन एक नोकर सोबत चाले आणि निखाऱ्यांचं भांडं खोगिराला टांगलेलं असे. एवढी मागणी उभी राहिली म्हटल्यावर कुंभारांना काम मिळणं ओघानंच आलं.

ओढ, हवा आणि कुंडीची रचना

कुंडीचा घाट का असा आहे हे कळण्यासाठी गल्यान चालतं कसं ते आधी बघावं लागतं. कुंडीत अर्ध्याहून थोडं जास्त पाणी भरतात. मानेतून नेचा आत सोडतात. त्याचं खालचं टोक पाण्यात बुडलेलं असतं आणि वरच्या टोकावर चिलीम बसते. चिलमीत भिजवून पिळलेली तंबाखू, तिच्यावर निखारे. खांद्यावरच्या तोटीत ओढायची नळी. या नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर, कुंडीतल्या मोकळ्या जागेत उघडतं.

ओढणाऱ्याने झुरका घेतला की त्या मोकळ्या जागेतली हवा कमी होते आणि तिथला दाब घटतो. बाहेरच्या हवेचा दाब मात्र तेवढाच असतो. त्यामुळे बाहेरची हवा निखाऱ्यांतून, तंबाखूतून, नेच्यातून खाली ढकलली जाते आणि पाण्यात बुडबुडे होऊन वर येते. हाच तो गुडगुड आवाज. पाण्यातून आलेला धूर थंड आणि मऊ लागतो. म्हणून तो निरुपद्रवी, अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. ती चुकीची आहे. पाण्यात धुराची उष्णता आणि थोडा अंश उरतो. निकोटिन, निखाऱ्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी घटक सरळ फुप्फुसात जातात. भांड्याच्या सौंदर्याबद्दल बोलताना हेही सांगायलाच हवं.

या रचनेमुळे कुंभारापुढे काही अटी येतात. मानेत नेचा घट्ट बसला पाहिजे. फटीतून हवा आली तर झुरका लागणार नाही. म्हणून मान अरुंद. सांध्याभोवती ओलं कापड गुंडाळताना किंवा भांडं उचलताना बोटांना आधार मिळावा म्हणून मानेवर फुगीर कडं. तोटी खांद्यावर उंच, कारण ती खाली आली तर नळीत पाणी शिरेल. वर नेचा, चिलीम आणि निखारे असा डोलारा उभा राहणार, म्हणून पोट रुंद आणि बूड जड. कपाटातल्या भांड्याचा डौल या सगळ्या गरजांमधून आला आहे.

चिनी झारीचा नवा जन्म

सुरुवातीला मात्र इराण्यांनी तयार भांडंच वापरून पाहिलं. आग्नेय आशियात केंडी नावाची झारी पूर्वापार वापरात आहे. तिला कान नसतो, मान धरून ती उचलतात आणि फुगीर तोटीतून पाण्याची धार तोंडात सोडतात. भांड्याला ओठ लागत नाहीत. या झारीचं मूळ भारतातल्या कुंडिकेत, म्हणजे बौद्ध भिक्षू आणि तपस्वी वापरत त्या जलपात्रात आहे. धर्माबरोबर आणि व्यापाराबरोबर हा घाट समुद्रापार गेला. आग्नेय आशियातली मागणी ओळखून चिनी कुंभारांनी चिनी मातीच्या केंडी घडवायला घेतल्या. वानली या मिंग सम्राटाच्या काळात, १५७३ ते १६२० दरम्यान, निळ्या-पांढऱ्या केंडींची मोठी निर्यात झाली. काही हत्तीच्या रूपात होत्या, काही बेडकाच्या. हत्तीच्या पाठीवर मान आणि सोंडेच्या जागी तोटी.

अशा केंडी इराणात आल्या. मान आहे, खांद्यावर तोटी आहे, पोट रुंद आहे. पाणी प्यायच्या झारीत नेचा खोचला, तोटीला नळी लावली, की गल्यान तयार. मग इराणी कुंभारांनी आपल्या मातीत केंडीच्या घाटाची भांडी घडवली. इथवर नक्कल म्हणायला हरकत नाही. पण केंडी धूर ओढण्यासाठी जन्मली नव्हती. तिची तोटी नको तेवढी फुगीर, मान हातात धरण्याच्या हिशेबाने केलेली. वापरता वापरता इराणी कुंभाराने तोटी आखूड आणि सरळ केली, मान उंच केली, तिच्यावर कडं आणलं, पोट कधी चेंडूसारखं गोल तर कधी पेरूसारखं निमुळतं केलं. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत केंडी मागे पडून गल्यानाची स्वतःची कुंडी उभी राहिली होती.

गारगोटीची माती

या कुंडीची मातीसुद्धा चिनी नाही. चीनच्या जिंगदेजेनमध्ये काओलिन आणि एका विशिष्ट दगडाची पूड मिसळून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजतात, तेव्हा खरी पोर्सलिन तयार होते. इराणात तशी माती हाताशी नव्हती. पण बाराव्या शतकापासून इराणी कुंभार एक वेगळंच मिश्रण वापरत आले होते. काशानच्या प्रसिद्ध कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली लिहिलेल्या ग्रंथात त्याचं प्रमाण दिलं आहे: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग बारीक पांढरी माती. काच आधी वितळवून, थंड करून दळून घ्यायची. भट्टीत ती पुन्हा मऊ होते आणि गारगोटीचे कण एकमेकांना चिकटवते. त्यामुळे चीनपेक्षा कितीतरी कमी उष्णतेत पांढरंशुभ्र, कडक अंग तयार होतं.

या मिश्रणात माती इतकी थोडी असते की ते बाजरीच्या पिठासारखं वागतं. चिकटपणा कमी, ओढून लांबवायला गेलं की कडा फुटतात. चाकावर एका दमात उंच मानेची कुंडी काढणं म्हणूनच अवघड. भाग वेगवेगळे करून जोडावे लागत, काही साच्यात दाबून घेत, तोटी तर वेगळीच लावावी लागे. भाजल्यावरही अंग सच्छिद्र राहतं, म्हणून आतबाहेर झिलई नीट बसली पाहिजे. नाहीतर पाणी झिरपेल. पाणी साठवायच्या आणि हवा कोंडून धरायच्या भांड्यासाठी ही माती सोपी नव्हती, आणि तरीही कुंभारांनी तिच्यातून शेकडो निर्दोष कुंड्या काढल्या. जोड कुठे आहे हे झिलईखाली शोधूनही सापडत नाही.

निळ्या रंगासाठी कोबाल्ट लागतं. काशानजवळच्या कमसर गावात ते सापडतं. अबुल कासिमही तिथलाच दाखला देतो. हा रंग झिलईच्या खाली, थेट अंगावर लावतात. भट्टीत झिलई वितळली की कोबाल्ट तिच्यात किंचित फैलावतं आणि रेषांच्या कडा मऊ होतात.

किरमान आणि मशहद

सतराव्या शतकात उत्तम भांड्यांसाठी दोन शहरांची नावं सगळ्यांच्या तोंडी होती: आग्नेयेला किरमान आणि ईशान्येला मशहद. फ्रेंच जवाहिऱ्या झां शार्दां १६६०-७०च्या दशकांत इराणात बराच काळ राहिला. त्याने चांगली भांडी बनवणाऱ्या गावांच्या यादीत ही दोन्ही शहरं नोंदवली आहेत. जुने अभ्यासक एक ढोबळ खूण सांगत: नक्षीची कड काळ्या रेषेने बांधलेली असेल तर मशहद, निळ्यातच मऊ रंगवलेली असेल तर किरमान. पुढे टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियममध्ये लिसा गोलोम्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विभागणी अधिक काटेकोर केली. त्यांनी भांड्यांच्या अंगाचे अतिशय पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली गारगोटीचे आणि इतर खनिजांचे कण तपासले आणि त्यावरून कारखान्याचं गाव ओळखलं. बुडावर काढलेल्या खोट्या चिनी अक्षरांच्या खुणाही त्यांनी मांडून पाहिल्या. त्या अक्षरांना अर्थ काहीच नव्हता. चिनी मालाचा शिक्का दिसावा एवढ्यासाठी काढलेल्या त्या वळणदार रेघोट्या, आज कारखाना आणि काळ ओळखायच्या कामी येतात.

या अभ्यासात गल्यानाची कुंडी विशेष उपयोगाची ठरते. ताट कुठल्याही शतकातलं असू शकतं. गल्यान मात्र तंबाखू आल्यावरच येणार. त्यामुळे ज्या प्रकारची नक्षी, जी झिलई, जी खूण गल्यानावर सापडते, तिचा काळ आपोआप एका चौकटीत बसतो.

आता एखादी किरमानी कुंडी जवळून बघू. बुडाच्या कडेला झिलई थांबते आणि तिथे मातीचं खरं रूप दिसतं: पांढरं, किंचित पिवळसर, बोट फिरवलं तर साखरेच्या कणांसारखं खरखरीत लागेल असं. त्यावर एक-दोन निळ्या रेघा गोल फिरवलेल्या, म्हणजे चित्राची जमीन ठरली. पोटावर चिनी पद्धतीचं निसर्गचित्र: कमानदार पूल, पाण्याकाठचा मंडप, एका बाजूला खडक आणि त्यावर वाकलेलं झाड. पण चिनी चित्रकार जिथे मोकळी जागा सोडेल तिथे इराणी चित्रकाराने पानाफुलांची वेल सोडली आहे. खडकाचे पापुद्रे त्याने नक्षीच्या लयीत लावून घेतले आहेत. मानेवर केळीच्या पानांसारखे उभे पट्टे, कड्यावर लहान फुलांची माळ.

सगळ्यात बघण्यासारखी जागा तोटीपाशी असते. कुंडीभोवती फिरणारं चित्र तिथे येऊन अडतं. ताटावर असा अडथळा नसतो, म्हणून त्यासाठी चिनी नमुन्याचा उपयोगही नाही. चित्रकाराने स्वतःच तोडगा काढला आहे. तोटीच्या मुळाशी पाकळ्यांचं वर्तुळ काढून तिला फुलाचा देठ केलं आहे, किंवा दोन्ही बाजूंच्या वेली तोटीकडे वळवून चित्राचं केंद्रच तिथे आणलं आहे. ओढणाऱ्याची नळी ज्या बाजूला असेल तीच बाजू भांड्याचा दर्शनी भाग झाली. निव्वळ गरजेपोटी लावलेली नळकांडी चित्राचा भाग होऊन गेली. ही कल्पकता उसनी घेता येत नाही.

किरमानच्या कारखान्यांनी निळ्या-पांढऱ्याच्या पुढेही मजल मारली. काही कुंड्यांच्या अंगावर गडद निळ्या, तपकिरी किंवा फिकट हिरव्या रंगाचा लेप देऊन त्यावर पांढऱ्या पातळ मातीने फुलं काढलेली आहेत. ती बोटाला किंचित उठावदार लागतात. काहींवर निळ्याबरोबर विटकरी लाल आणि हिरवा रंग आहे. याच काळात काही कारखान्यांनी जुनी चकाकी रंगाची कलाही पुन्हा जागवली. त्यात चांदी आणि तांब्याची संयुगं झिलईवर लावून भांडं दुसऱ्यांदा, धूर कोंडलेल्या भट्टीत भाजतात. पृष्ठभागावर धातूचा पापुद्रा बसतो आणि उजेडात तो तांबूस, सोनेरी झळकतो. या प्रकाराच्या लहान बाटल्या, वाडगे आणि गल्यानाच्या कुंड्या सापडतात.

डच जहाजं आणि चीनचं उत्तर

शाह अब्बासने १६११ साली अर्दबीलच्या आपल्या पूर्वजांच्या दर्ग्याला अकराशेहून अधिक चिनी भांडी अर्पण केली होती आणि ती ठेवण्यासाठी भिंतीत कोरीव कोनाड्यांचं दालन करवून घेतलं होतं. चिनी मालाचं इराणात एवढं अप्रूप होतं. पण १६४४ साली मिंग घराणं कोसळलं, चीनमध्ये यादवी माजली आणि भांड्यांची निर्यात जवळजवळ बंद पडली. डच ईस्ट इंडिया कंपनीला युरोपात विकायला माल हवा होता. तिने एकीकडे जपानच्या अरिताकडे आणि दुसरीकडे इराणकडे मोर्चा वळवला. किरमानची भांडी बंदर अब्बासमार्गे डच जहाजांवर चढू लागली. डच व्यापारी इराणी भांडी चिनी मालात मिसळून हॉलंडमध्ये विकतात अशी वदंता होती, असं शार्दां लिहितो. इराणी कामाच्या दर्जाला याहून मोठी पावती कोणती?

कांगशी सम्राटाने १६८०च्या दशकात जिंगदेजेनच्या भट्ट्या पुन्हा उभ्या केल्या आणि समुद्रव्यापार खुला केला. तेव्हा चिनी कुंभारांनी पश्चिम आशियाच्या आणि हिंदुस्थानच्या बाजारासाठी काय घडवलं? हुक्क्याच्या कुंड्या. कांगशी काळातल्या निळ्या-पांढऱ्या चिनी कुंड्या आज अनेक संग्रहांत आहेत. ज्या घाटाचा नेमका नमुना चीनकडून आला नव्हता, तो आता चीनच उचलत होता. नक्कल कोणी कोणाची केली या प्रश्नाचं सरळसोट उत्तर इथे संपतं.

काच, सोनं आणि एक फतवा

मातीच्या कुंडीला एक स्पर्धक होता, शिराझची काच. काचेच्या कुंडीत बुडबुडे दिसत. पाण्यात फुलं सोडली तर झुरक्यासरशी ती नाचत. मातीच्या कुंडीत आतलं काहीच दिसत नाही. म्हणून तिने सगळी शोभा बाहेरच्या अंगावर आणली. पण पुढे तिचे दिवस फिरले. १७२२ साली अफगाण फौजांनी इस्फहान घेतलं आणि सफावी राज्य मोडलं. १७९४ साली आगा मोहम्मद खान काजारने किरमान लुटून उद्ध्वस्त केलं. त्या शहराची कुंभारकला पूर्वीच्या तोलाला पुन्हा पोचली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या काजार दरबारात गल्यानाचा मान वाढला, पण तो सोन्यावर रंगीत मीनाकारी केलेल्या चिलमींमुळे. त्या चिलमींवर सुंदरींची आणि राजपुत्रांची चित्रं आहेत.

याच गल्यानाने इराणच्या राजकारणाला वळण दिलं. १८९० साली नासिरुद्दीन शाहने इंग्रज मेजर टॅल्बटला देशातल्या तंबाखूचं उत्पादन, विक्री आणि निर्यात यांचा ५० वर्षांचा मक्ता दिला. मोबदला वर्षाला १५,००० पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. शेतकरी, व्यापारी, धर्मगुरू सगळे खवळले. डिसेंबर १८९१ मध्ये समर्रामधले धर्मगुरू मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने फतवा निघाला की या परिस्थितीत तंबाखू ओढणं म्हणजे इमामाविरुद्ध युद्ध पुकारणं. लोकांनी गल्यानं फोडली. शाहच्या जनानखान्यातसुद्धा गल्यानं दूर सारली गेली. जानेवारी १८९२ मध्ये शाहला मक्ता रद्द करावा लागला आणि भरपाईसाठी देशाच्या डोक्यावर पाच लाख पौंडांचं कर्ज बसलं. इराणच्या आधुनिक इतिहासात जनतेने राजाला माघार घ्यायला लावल्याची ही पहिली मोठी घटना मानतात.

संग्रहालयातलं स्थान

यातली बरीच भांडी आज लंडनमध्ये आहेत ती रॉबर्ट मर्डोक स्मिथ या स्कॉटिश अभियंत्यामुळे. युरोप आणि हिंदुस्थान जोडणारी तारेची लाइन इराणमधून जात होती आणि तिच्या इराणी विभागाचा तो संचालक होता. १८७०च्या दशकात त्याने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमसाठी, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसाठी, इराणात मोठी खरेदी केली. तेव्हा सफावी भांडी कोणाला फारशी जुनी वाटत नव्हती, म्हणून ती मुबलक मिळाली. या संग्रहातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा तपशीलवार अभ्यास योलांद क्रो यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात गल्यानाच्या कुंड्यांना त्यांची योग्य जागा मिळाली आहे.

एरवी इराणी मृत्कलेवरच्या पुस्तकांत आधी काशानचे चकाकीचे वाडगे येतात, मग चिनी धर्तीची मोठी ताटं, आणि गल्यान कुठेतरी किरकोळ वस्तूंमध्ये जमा होतं. राजाला नजर करण्यासाठी केलेली वस्तू वर आणि रोजच्या वापरातली खाली, हा क्रम मला पटत नाही. अमेरिकेतलं पान, भारतातून निघून चीन फिरून आलेला झारीचा घाट, काशानची गारगोटी, कमसरचं कोबाल्ट आणि किरमानचा हात एवढं सगळं दुसऱ्या कुठल्याही इराणी भांड्यात एकत्र आलेलं नाही. शिवाय यातला एकही धागा तसाच्या तसा वापरलेला नाही. प्रत्येकाला एका नव्या गरजेसाठी वाकवून घेतलं आहे. कुठल्याही कलापरंपरेचा जिवंतपणा जुना नमुना किती हुबेहूब उतरवला यावर मोजला तर तिच्यावर अन्याय होतो. नमुना नसताना तिने काय केलं, ते विचारावं. सफावी इराणच्या कुंभारांना हा प्रश्न विचारला तर उत्तरादाखल पुढे ठेवावं असं पहिलं भांडं गल्यानाची कुंडी हेच आहे.